सहा राजमोटारी : जतन आणि रूपांतर

घरातील जुनी पेटी उघडली म्हणजे दोन मते ऐकू येतात. आजीच्या पाटल्या बाहेर निघाल्या, तर एकजण म्हणतो, त्या आहेत तशाच ठेवाव्यात. दुसरा म्हणतो, असल्या जड पाटल्या आता घालतो कोण, त्या मोडून चार नाजूक बांगड्या करून घ्याव्यात. सोने दोन्ही वेळी जवळजवळ तेवढेच राहते. परंतु पाटल्या मोडल्या की ज्या सोनाराने त्यांवर नक्षी उठविली त्याचा हात कायमचा नाहीसा होतो. आणि न मोडाव्यात तर त्या पेटीतच पडून राहतात, कोणाच्याच मनगटावर शोभत नाहीत. दोन्ही पक्षांत काही ना काही तथ्य असते, आणि म्हणूनच हा वाद घरोघरी पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

मोटारगाडी ही वस्तू अशा वादास पात्र ठरण्याइतकी जुनी होईल, असे तिच्या जन्मकाळी कोणास वाटले नसेल. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ साली घेतले. इंग्लंडात १८९६ च्या नोव्हेंबरात कायदा बदलला आणि मोटारीपुढे पायी माणूस चालविण्याची सक्ती संपली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची एक मिरवणूक निघाली. अवघ्या एकतीस वर्षांनी, १९२७ साली, त्याच मार्गावर जुन्या मोटारींची स्मरणयात्रा काढण्यात आली. भंगारात गेलेली, कोठारात गवताखाली दडलेली वाहने शोधून, झाडूनपुसून लोकांनी रस्त्यावर आणली. अशा वाहनांच्या जतनासाठी १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब व १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब या संस्था त्याच देशात निघाल्या. जुनी मोटार ही थट्टेची वस्तू नसून इतिहासाची साक्षीदार आहे, ही जाणीव येथून मूळ धरू लागली.

परंतु त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, तरुणांची एक पिढी याच्या अगदी उलट उद्योगात गढली होती. हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बाहेर पडल्या होत्या. पुढे १९३२ मध्ये त्याच कारखान्याने आठ सिलिंडरांची स्वस्त मोटार काढली. या गाड्या जुन्या झाल्या की कवडीमोलाने मिळत. ही मुले त्यांचे मडगार्ड काढीत, टप उतरवीत, इंजिनाची ताकद वाढवीत आणि आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या बेफाम पिटाळीत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये एक संघटनाही स्थापन झाली. आपण इतिहासाची हानी करीत आहोत, असे त्यांच्या मनात येण्याचे काही कारण नव्हते; दीड कोटींतील दोनचार हजार गाड्या कापल्या गेल्या तरी इतिहास दरिद्री होत नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो वस्तू थोडी असते तेव्हा. ज्या मोटारीच्या साऱ्या जगात केवळ सहाच प्रती निर्माण झाल्या, तिच्या बाबतीत जतन कशाला म्हणावे आणि रूपांतर कशाला, याचा विचार करावयाचा झाल्यास बुगाटी रॉयाल या मोटारीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

एत्तोरे बुगाटी याचा जन्म १८८१ मध्ये इटलीतील मिलान शहरी झाला. घराणे कलावंतांचे. वडील कार्लो हे नामांकित फर्निचर घडविणारे. धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा पशुशिल्पांसाठी प्रसिद्ध. एत्तोरेने १९०९ मध्ये आल्सास प्रांतातील मोल्सहाइम या गावी कारखाना काढला. तो प्रांत त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. हलक्या, चपळ व शर्यती जिंकणाऱ्या गाड्यांबद्दल बुगाटीचे नाव युरोपभर झाले. पुढे त्याच्या मनाने घेतले की, केवळ राजेमहाराजांनीच वापरावी अशी एक मोटार आपल्या हातून व्हावी. तिचे नाव ठेवले रॉयाल, म्हणजे राजेशाही. आठ सिलिंडरांचे, १२.७ लिटरांचे अवाढव्य इंजिन. सव्वासहा मीटरांहून अधिक लांबी. तीन टनांच्या घरातले वजन. रेडिएटरच्या टोकावर मागील पायांवर उभा असलेला एक हत्ती बसविला, तो रेम्ब्रांटच्या शिल्पावरून. रेम्ब्रांट १९१६ मध्येच वारला होता. त्या हत्तीच्या रूपाने थोरल्या भावाने धाकट्याची आठवण आपल्या सर्वांत मोठ्या कृतीच्या अग्रभागी ठेवली.

अशा पंचवीस गाड्या करण्याचा बेत होता. परंतु १९२९ मध्ये जगावर आर्थिक मंदीचे अरिष्ट कोसळले आणि १९३३ पर्यंत सहाच गाड्या पुऱ्या झाल्या. त्यांतील तीनच बाहेरच्या गिऱ्हाइकांस विकल्या गेल्या, आणि नवल असे की, त्या तिघांत राजा एकही नव्हता. उरलेल्या इंजिनांचे करावयाचे काय, हा प्रश्न बुगाटीने मोठ्या कल्पकतेने सोडविला. फ्रेंच रेल्वेसाठी त्याने वेगवान मोटारडबे बांधले आणि राजांकरिता घडविलेली ती इंजिने, कोठे दोन तर कोठे चार, त्यांत बसविली. राजे ज्या यंत्रावर बसले नाहीत त्यावर साधे उतारू बसून प्रवास करू लागले. रूपांतराचा हा पहिला प्रकार, आणि तो दुसऱ्या कोणी नव्हे तर निर्मात्यानेच केलेला. त्या रूपांतरामुळे कारखाना तगला व कामगारांच्या हातांस काम राहिले, हे विसरून चालणार नाही.

येथे त्या काळची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. उंची मोटार तेव्हा तयार मिळत नसे. कारखाना चाके, चासी व इंजिन एवढेच देई. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. आपल्याकडील इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३५ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी घेतली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून बॉडी बांधून घेतली आणि ती नारिंगी व काळ्या रंगांत रंगविली. अमेरिकेचे यंत्र, इंग्लंडची बांधणी आणि माळव्यातल्या मराठी संस्थानिकाची आवड असा तो त्रिवेणी संगम होता. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे गाडीला रूप देणे ही विकृती नव्हती. तोच राजमार्ग होता. बॉडी जुनी वाटू लागली की ती उतरवून त्याच चासीवर नवी चढविणे हेही सर्रास चाले, जसा जुन्या वाड्याचा दर्शनी भाग पाडून नवा बांधावा तसे.

रॉयालच्या सहा गाड्यांत ही रीत स्पष्ट दिसते. पहिली गाडी एत्तोरे स्वतःसाठी वापरी. तिच्यावर आरंभी चक्क पॅकार्ड या अमेरिकन मोटारीची उघडी बॉडी बसविली होती. पुढे एकामागून एक निरनिराळ्या बॉड्या तिच्यावर चढल्या व उतरल्या. एकदा पॅरिसहून मोल्सहाइमकडे येताना एत्तोरेला गाडी चालविता चालविताच डुलकी लागली आणि गाडीला मोठा अपघात झाला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली आणि एत्तोरेचा मुलगा झाँ याने आखलेली बॉडी तिच्यावर आली. ‘कूपे नेपोलियन’ या नावाने आज जगास ठाऊक असलेली गाडी ती हीच. आता तिचे मूळ रूप कोणते म्हणावे? पॅकार्डचे, मधल्या बॉड्यांपैकी एखादे, की अखेरचे? कोणी उठून म्हणेल की आरंभीचे तेच खरे, तर त्यास ही सुंदर बॉडी उतरवून दुसऱ्याच कारखान्याची बॉडी वर ठेवावी लागेल. असला शुद्धपणा कोणाही जाणत्यास मानवणार नाही.

दुसऱ्या गाडीची कथा याहून चटका लावणारी आहे. कापडाच्या धंद्यातील अर्मां एस्डेर या फ्रेंच व्यापाऱ्याने ती १९३२ मध्ये घेतली. आपण रात्री गाडी चालवीत नाही, तेव्हा पुढचे दिवे नकोत, असे त्याने सांगितले. आणि झाँ बुगाटीने, त्या वेळी तो पुरता तेवीस वर्षांचा होता, दिव्यांवाचून एक दोन आसनांची उघडी गाडी आखून दिली. लांबलचक बॉनेट, मागे वाहत गेलेले मडगार्ड आणि पुढच्या बाजूला डोळ्यांत खुपणारे काहीच नाही. मोटारीच्या बांधणीचा इतिहास लिहिणारे आजही तिचा उल्लेख आदराने करतात. परंतु काही वर्षांतच ती एस्डेरच्या हातून गेली, आणि नव्या मालकाने पॅरिसच्या आंरी बिंदेर या कारागिराकडून तिच्यावर पूर्ण निराळी, बंद बॉडी बांधवून घेतली. झाँची बॉडी त्या वेळी गेली ती गेलीच. तिची केवळ छायाचित्रे उरली. स्वतः झाँ ऑगस्ट १९३९ मध्ये शर्यतीची गाडी तपासून पाहत असता अपघातात मरण पावला. त्याचे वय तीस वर्षांचे होते. त्याच्या हातची सर्वांत धाडसी कृती आणि तो, दोघेही एका दशकाच्या आत नाहीसे झाले.

नव्या मालकास दोष देता येईल काय? त्याच्या दृष्टीने ती अमोल ठेव नव्हतीच. वापरावयाची गाडी होती. त्याने काळाच्या रीतीप्रमाणे केले, आणि बिंदेरची बॉडीदेखील हलक्या हाताची नाही. आज ती उतरवून झाँच्या बॉडीची नक्कल वर बसविली, तर एका कारागिराच्या स्मृतीसाठी दुसऱ्याची खरीखुरी कृती मोडल्यासारखे होईल. सुदैवाने तसे कोणी केले नाही. बिंदेरची गाडी बिंदेरचीच राहिली. १९९९ मध्ये ती फोक्सवागन कंपनीने घेतली. एस्डेरच्या गाडीची प्रतिकृती मात्र शिल्लक मूळ सुटे भाग वापरून स्वतंत्रपणे उभी करण्यात आली, आणि ती प्रतिकृती म्हणूनच दाखविली जाते. गेलेल्या रूपाची भूक भागविण्याचा हा मार्ग सरळ होय: जे आहे त्यास धक्का लावला नाही, आणि जे नवे केले त्यास जुने म्हटले नाही.

तिसरी गाडी फुक्स नावाच्या जर्मन डॉक्टराची. तिच्यावर म्युनिकच्या लुडविग वाइनबर्गरने टप असलेली बॉडी बांधली होती. रंग काळा, त्यावर पिवळ्याची जोड. जर्मनीतील राजकीय हवा बिघडू लागली तेव्हा डॉक्टर देश सोडून निघाले. गाडीही त्यांच्या मागोमाग शांघायमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील कडाक्याच्या थंडीत इंजिनातील पाणी गोठून त्यास तडा गेला, आणि राजांसाठी जन्मलेली ती मोटार अखेर भंगाराच्या वखारीत येऊन पडली. तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. लोखंड, तांबे, जस्त, जे मिळेल ते गोळा करून वितळविले जात होते. अशा वेळी चार्ल्स चेन यांची दृष्टी तिच्यावर गेली. चेन हे जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाचे मुख्य इंजिनियर होते. त्यांनी ती चारशे डॉलरांना विकत घेतली.

शोधणाऱ्याचे भाग्य यालाच म्हणतात. परंतु कथेचा पुढचा भाग विचार करावयास लावणारा आहे. चेन यांनी गाडी दुरुस्त केली, चालती केली, आणि तेवढ्यावर न थांबता तिच्यात बदलही केले. बुगाटीने एकच कार्ब्युरेटर ठेवला होता; चेन यांनी चार बसविले. काळ्यापिवळ्या रंगाच्या जागी मोतिया पांढरा आणि हिरवा रंग आला. ज्याने गाडी मृत्यूच्या दाढेतून ओढून काढली त्यानेच तिचे रूप पालटले. आजचा संग्राहक हे वाचून हळहळेल. तथापि, चेन यांना त्या भंगारात एक रोगी यंत्र दिसले. ते इंजिनियर होते, आणि यंत्र अधिक चांगले चालावे ही त्यांच्या धंद्याची ओढ होती. तीच ओढ नसती तर चिरलेल्या इंजिनाची ती गाडी त्यांनी घेतलीच नसती. रूपांतर करणारा हात आणि वाचविणारा हात येथे एकच होता. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेन यांनी ती मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयास देऊन टाकली. आयुष्य जनरल मोटर्समध्ये घालविलेल्या माणसाने आपले धन प्रतिस्पर्ध्याच्या नावाच्या संग्रहालयास द्यावे, यात त्या गाडीविषयीची निःस्वार्थ बुद्धीच दिसते.

उरलेल्या तीन गाड्यांनी आपले रूप बहुतांशी राखले. चौथी इंग्लंडच्या कॅप्टन कथबर्ट फॉस्टर यांनी १९३३ मध्ये घेतली. तिची बॉडी लंडनच्या पार्क वॉर्ड पेढीची. पाचवी व सहावी गिऱ्हाईक न मिळाल्याने बुगाटी कुटुंबाकडेच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून या दोन आणि कूपे नेपोलियन अशा तीन गाड्या पॅरिसजवळील एर्मनोंव्हिल येथील कुटुंबाच्या घरी भिंतीआड चिणून ठेविल्या होत्या. शत्रू आला म्हणजे देवाची मूर्ती विहिरीत वा तळघरात दडवावी, तसाच हा प्रकार. एत्तोरे १९४७ मध्ये वारला. पुढे दोन गाड्या ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने घेतल्या. त्यांतील केल्नेर पेढीच्या बांधणीची गाडी १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पंचावन्न लाख पौंडांस विकली गेली. चारशे डॉलरांच्या भंगारापासून येथवर ही मजल आली होती.

किंमत अशी वाढली की जतनाचा प्रश्न सोपा होतो, असे वाटेल. परंतु म्युलूझ शहरातील हकिगत निराळेच सांगते. हान्स व फ्रित्स श्लुम्फ या दोघा भावांच्या आल्सास प्रांतात लोकरीच्या गिरण्या होत्या. धाकट्या फ्रित्सला बुगाटीच्या गाड्यांचे वेड. त्याने कूपे नेपोलियन मिळविली. १९६४ मध्ये अमेरिकेतील जॉन शेक्सपियर नावाच्या संग्राहकाचे सुमारे तीस बुगाटी गाड्यांचे धन एकरकमी घेतले, आणि त्यातच पार्क वॉर्डची रॉयालही आली. जुन्या गिरणीच्या इमारतीत गुपचूप कारागीर बसवून गाड्या दुरुस्त करण्याचे काम चाले. बाहेरच्या जगास त्याचा पुरता पत्ता नव्हता. पुढे कापडधंद्यास उतरती कळा लागली, गिरण्या बंद पडू लागल्या, कामगारांवर बेकारीची पाळी आली आणि दोघे भाऊ सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेले. १९७७ च्या मार्चमध्ये कामगारांनी गिरणीचे दरवाजे उघडले, तो आत शेकडो मोटारी झगमगत उभ्या!

त्या क्षणी कामगारांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. आपल्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, आणि येथे तेलपाणी केलेल्या, पॉलिश केलेल्या चारशेहून अधिक गाड्या. त्यांनी इमारतीचा ताबा घेतला. परंतु संग्रहाची वासलात लावली नाही. उलट दोन वर्षे ताबा ठेवून त्यांनी तो लोकांस पाहण्यास खुला केला. फ्रेंच सरकारने १९७८ मध्ये त्या संग्रहास ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, त्यामुळे तो फुटून जगभर विखुरण्याचे टळले. आणि १९८२ मध्ये त्याचे रीतसर राष्ट्रीय संग्रहालय झाले. जतनाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मात्र म्युलूझने कायमचा विचारून ठेवला आहे. गाड्या ज्या निगुतीने सांभाळल्या गेल्या, तितक्या निगुतीने माणसे सांभाळली गेली नाहीत. आणि तरीही, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच तो ठेवा राखला.

या सहाही गाड्या १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रदर्शनात प्रथमच एकत्र उभ्या राहिल्या. एक निर्मात्याने बदललेली, एक मालकाने बदललेली, एक उद्धारकाने बदललेली, आणि तीन आपले रूप राखून असलेल्या. जुन्या मोटारीच्या आयुष्यात घडू शकणारे जवळजवळ सारे प्रसंग त्या हिरवळीवर एका ओळीत मांडलेले होते. गंमत अशी की, त्याच पेबल बीचवर १९९७ पासून कॅलिफोर्नियाच्या त्या तरुणांनी कापलेल्या, उघड्या केलेल्या फोर्ड गाड्यांनाही स्वतंत्र मान मिळू लागला. आता त्या गाड्यांचे जतन करणारे लोक, त्या कापताना वापरलेला रंग कोणता होता, इंजिनावर कोणते भाग चढविले होते, याचा छायाचित्रांवरून शोध घेतात. काल ज्याला मोडतोड म्हटले तीच आज राखून ठेवण्याजोगी ठरली. रूपांतरासही पुरेसा काळ लोटला म्हणजे तो इतिहास होतो.

याचा अर्थ वाटेल ते करावे असा मात्र नाही, हे एका सातव्या, लहानशा बुगाटीच्या उदाहरणाने ध्यानात येईल. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माज्जोरे सरोवरात १९२५ सालची एक ब्रेशिया जातीची बुगाटी तळाशी पडून होती. जकात भरली न गेल्यामुळे १९३० च्या दशकात तिला जलसमाधी देण्यात आली होती. २००९ च्या जुलैमध्ये आस्कोना येथील पाणबुड्यांनी ती वर काढली. हिंसाचारात बळी पडलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ स्थापिलेल्या संस्थेस मदत व्हावी म्हणून तिचा जानेवारी २०१० मध्ये पॅरिसला लिलाव झाला, आणि गंजून चाळण झालेल्या त्या गाडीस दोन लाख साठ हजार युरोंहून अधिक किंमत आली. ज्या अमेरिकन संग्रहालयाने ती घेतली, त्याने ती दुरुस्त केली नाही, की रंगविलीही नाही. गंजासह, जशी पाण्याबाहेर आली तशीच मांडली. ती चालणार नव्हती. पण तिला चालती करावयाचे तर नव्या पत्र्याची व नव्या भागांची इतकी भर घालावी लागली असती की, तिच्यात बुगाटीच्या हातचे फार थोडे उरले असते. तिच्याजवळ सांगण्यासारखे जे होते, ते त्या गंजातच होते.

मग नियम कोणता? जगातील जुन्या वाहनांच्या मंडळांचा महासंघ १९६६ मध्ये स्थापन झाला. त्याने २०१३ च्या आरंभी तोरिनो सनद या नावाची तत्त्वे मान्य केली. तिचा आशय थोडक्यात असा: शक्य तेथवर आहे ते राखावे, दुरुस्ती करावयाची तर बेताने, अभ्यासून आणि नोंद ठेवून करावी, आणि वाहनाने आपल्या चालत्या आयुष्यात जी स्थित्यंतरे पाहिली तीही त्याच्या इतिहासाचाच भाग समजावीत. भारत सरकारनेही जुलै २०२१ मध्ये मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे घातली. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याची चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तेथे अट आहे. अशा नियमाची गरज उघड आहे. जुन्या नावाखाली नवा माल खपविणारे सर्वत्र असतात. परंतु तो नियम शब्दशः लावला तर खुद्द एत्तोरे बुगाटीची कूपे नेपोलियनही त्याच्या कसोटीस उतरणार नाही. कायद्यास एक रेषा ओढावीच लागते. इतिहास मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंस असतो.

म्हणून जुनी मोटार ज्याच्या हाती येईल त्याने नियमाआधी तीन प्रश्न स्वतःस विचारणे बरे. अशा किती गाड्या जगात उरल्या आहेत? आपण करतो तो बदल उद्या कोणास परत फिरविता येईल काय? आणि काय होते व काय केले, याची नोंद आपण ठेवणार आहोत काय? दीड कोटींतील एका फोर्डास जे क्षम्य, ते सहांतील एका रॉयालला नाही. चार कार्ब्युरेटर उतरवून एक बसविता येतो. झाँ बुगाटीची एकदा गेलेली बॉडी कोणासही परत आणता येत नाही. आणि मूळ रंग काळा व पिवळा होता हे आज ठाऊक आहे, ते कोणी तरी लिहून ठेवले म्हणूनच.

डिअरबॉर्नच्या संग्रहालयात वाइनबर्गरची ती गाडी आजही चेन यांनी दिलेल्या पांढऱ्या रंगातच उभी आहे. तिला पुन्हा काळीपिवळी करणे अशक्य नाही. परंतु तो पांढरा रंग पाहिला म्हणजे केवळ १९३२ चे म्युनिक आठवत नाही. शांघायच्या वाटेने पळालेला एक डॉक्टर आठवतो, न्यूयॉर्कची भंगाराची वखार आठवते, आणि चारशे डॉलर मोजून एका फुटक्या इंजिनाची जबाबदारी पत्करणारा एक इंजिनियर आठवतो. तो रंग खरवडला तर गाडी मूळ रूपाच्या जवळ जाईल. पण ती वाचली कशी, ही हकिगत तेवढी पुसली जाईल.